‘स्प्लाइस’ भंगार आहे की भारी?

प्रश्न: परवा ‘स्प्लाइस’ बघितला. अर्धा पिक्चर डोळे फाडून बघितला आणि शेवटी वैताग आला. असं माणूस-प्राणी मिक्स करून खरंच काही बनवता येतं का? आणि मुलगी बायोटेकला आहे, तिला दाखवू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: तुमचं दोन्ही बरोबर आहे, पिक्चर तसाच आहे. व्हिन्चेंझो नतालीचा हा २००९ चा सिनेमा, आणि त्याला ही कल्पना सुचली ती पाठीवर माणसाचा कान असलेल्या त्या उंदराच्या फोटोवरून. गंमत म्हणजे त्या उंदराचे जीन्स कुणी बदललेच नव्हते, कानाच्या आकाराचा साचा घेऊन त्यात गाईच्या कूर्चेच्या पेशी घातल्या आणि तो कातडीखाली बसवला, बास. एखादा जीन इकडचा तिकडे टाकणं जमतं, माणसाचा इन्सुलिनचा जीन बॅक्टेरियात घालून केलेलं इन्सुलिन १९८२ पासून बाजारात आहे. पण पाचसात प्राण्यांचे जीन्स जोडले की चालतं-फिरतं बाळ तयार, हे काही होत नाही, कारण गर्भात कुठला जीन कधी चालू आणि कधी बंद हे सगळं वेळापत्रकच कोलमडतं.

पण मला विचाराल तर सायन्स हा या पिक्चरचा मुद्दाच नाही. एल्सा आणि क्लाइव्ह हे दोघे शास्त्रज्ञ, माणूस-प्राणी मिक्स करून ड्रेन नावाचा जीव बनवतात. पण ते देवबिव कसले होतायत, दोघं चोरून मूल वाढवतायत आणि ते त्यांना झेपत नाहीये. ड्रेन तापाने फणफणते तो सीन आठवा, क्लाइव्ह तिला पाण्यात दाबून धरतो, ती पाण्यात श्वास घ्यायला लागते, आणि एल्सा म्हणते तुला माहीत होतं ना! आता त्याला खरंच माहीत होतं, का तो तिला मारायलाच निघाला होता? पिक्चर सांगत नाही, क्लाइव्ह झालेल्या एड्रियन ब्रॉडीचा चेहरा पण सांगत नाही. नंतर एल्साचं स्वतःच्या क्रूर आईसारखंच वागायला लागणं, चिडून ड्रेनला टेबलावर बांधून तिची नांगी कापणं, हे कुठल्याही राक्षसापेक्षा भीतीदायक आहे राव. डेल्फीन शनेआकने जवळजवळ काहीच न बोलता ड्रेन काय केलीय!

मग शेवटची वीस-पंचवीस मिनिटं का घाण केली देव जाणे. ड्रेन मादीची नर होणार हे आधीच फ्रेड आणि जिंजर या दोघांनी आधी बनवलेल्या जीवांच्या त्या रक्ताने भरलेल्या डेमोत कळलेलं असतं, त्यामुळे धक्का काही बसत नाही, नुसतं जंगलात धावणं, मारामारी, आणि एल्सावरचा तो बलात्कार, जो मला तर निव्वळ खळबळ म्हणून घातल्यासारखा वाटला. क्लाइव्ह आणि ड्रेनमध्ये जे शारीरिक होतं ते निदान क्लाइव्हच्या स्वभावाला धरून तरी आहे.

मुलीला खुशाल बघू दे, कॉलेजात आहे ती, एथिक्सच्या लेक्चरपेक्षा जास्त वाद घालेल. फक्त तुम्ही शेजारी सोफ्यावर बसू नका, दोघांचीही पंचाईत होईल.