भिंत न फोडता जादा सॉकेट
प्रश्न : नुकताच रंग दिलेल्या खोलीत संगणकासाठी आणखी एक सॉकेट हवे आहे. भिंत न फोडता ते बसवता येईल का?

उत्तर : होय. जवळच्या स्विचबोर्डापासून स्कर्टिंगच्या वरून पीव्हीसीची केसिंग-पट्टी बसवून तिच्यातून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तिन्ही वायरी नेल्या, तर स्क्रूंच्या छिद्रांपलीकडे भिंतीला धक्का लागत नाही. संगणकाच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. हीटरसाठी मात्र १६ अँपिअरचे सॉकेट घेऊन त्याची जाड वायर स्वतंत्र एमसीबीपासूनच (जादा भार आल्यास वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचपासून) आणावी. जुन्या घरांतील काही बोर्डांत अर्थिंग पोहोचलेलेच नसते, म्हणून परवानाधारक वायरमनकडून ते आधी तपासून घ्यावे. हिरवी म्हणजेच अर्थिंगची वायर वाचवण्याचा मोह, कृपया, मुळीच धरू नये.