चहा, गूळ, कॉफी आणि शुगर : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, डायबिटीस आहे, मेटफॉर्मिनची (शुगर कमी करणारी) गोळी चालू आहे. दिवसाला पाच कप चहा लागतोच. दिवाळीपासून साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केला तरी जेवणानंतरची शुगर 200 च्या वरच येते. नाना म्हणतात गुळाने काही होत नाही, चहाची पत्तीच बदल. काय करू?
– एक सूनबाई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : अहो, पत्ती बिचारीने काय केलंय, नुसत्या पत्तीच्या कोऱ्या चहात शुगर वाढवणारं जवळजवळ काहीच नसतं. गूळ मात्र शुगरच्या बाबतीत साखरेचा सख्खा भाऊ, रंग वेगळा इतकंच. त्यात थोडं लोह असतं हे खरं, पण चहातलं टॅनिन, म्हणजे त्याला तुरट चव देणारा घटक, ते लोह अंगी लागू देत नाही, म्हणजे तोही फायदा गेला. मधाचं पण तेच, कोणी सुचवलंच तर आधीच सांगून ठेवते.

आता हिशोब बघा. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम साखर, आणि आपल्याकडे चमचा सपाट कोण भरतं! कपाला दोन धरले तरी पाच कपांत 50 ग्रॅम झाले, आणि डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, ते पण डायबिटीस नसलेल्या माणसाला. दुधातही स्वतःची साखर असते, 100 मिलीला जवळपास 5 ग्रॅम, पण ती काही नानांची खरी अडचण नाही. चहाबरोबर काय जातं ते तुम्ही लिहिलंच नाही, टोस्ट, खारी, शेव? मला तर तिथेच शंका आहे कारण इंदुरात कोरडा चहा कोणी पीतच नाही 😀

अजून एक, जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजतात, आणि नानांनी मधे तासाभराने गोड चहा घेतला असेल तर तो आकडा नुसत्या वरणभात-पोळीचा राहिला का? मोजायच्या दिवशी तो कप पुढे ढकला, मग कळेल जेवणाने किती वाढते.

एकदम फिका चहा दिलात तर नाना शेजारी जाऊन पिऊन येतील, म्हणून दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, आलं वेलची गवती चहा सढळ हाताने घाला, जीभ वळते. शुगर-फ्री गोळी एखाद्या कपात चालते. डब्ल्यूएचओने 2023 मध्ये वजन कमी करायला असले पदार्थ वापरू नका म्हटलं होतं, पण तो सल्ला आधीपासून डायबिटीस असलेल्यांसाठी नव्हता, बातम्यांमध्ये हे वाक्य गळलं.

प्रश्न : मी सकाळी बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी घेतो तरी तासाभराने मीटर 25-30 ने जास्त दाखवतं. असं कसं?
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : होऊ शकतं. कॅफीनने ॲड्रेनालिन हे हार्मोन वाढतं, लिव्हर ग्लुकोज सोडतं आणि काही तास इन्सुलिनचं काम थोडं मंदावतं, सगळ्यांचं नाही पण काही जणांचं. पण पहाटे शरीर स्वतःच हार्मोन्स सोडून शुगर चढवतं, कॉफी घेतली काय न घेतली काय, म्हणून लगेच कॉफीवर खापर फोडू नका. दोन-तीन दिवस उठल्यावर आणि तासाने मोजा कॉफी न घेता, मग तेवढेच दिवस कॉफी घेऊन, आणि बोट आधी साबणाने धुऊन कोरडं करा, बोटाला साखरेचा किंवा फळाचा अंश असला तरी मीटर भलताच आकडा दाखवतं. कॉफी पिणाऱ्यांना टाइप 2 डायबिटीस कमी होतो असं बऱ्याच पाहणीत दिसलंय, पण तो नुसता संबंध आहे, औषध म्हणून कप वाढवू नका. हैदराबादच्या एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्थेने) दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. 150 मिली इन्स्टंट कॉफीत 50 ते 65, फिल्टरमध्ये 80 ते 120.

प्रश्न : इंदूरच्या सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतलं गरम केशरी दूध चालेल का?

उत्तर : आटवलेलं, वर साखर, वर रबडी. नाही. फारच मन झालं तर चौघांत एक ग्लास, आणि त्या रात्री जिलबी नाही.

प्रश्न : आईला इन्सुलिन आहे. शुगर कमी होऊन घाम, थरथर सुटली की आम्ही गोड चहा करून देतो. बरोबर ना?

उत्तर : गोड द्यायचं बरोबर, चहा नको. तो उकळेपर्यंत वेळ जातो, गरम म्हणून घोट घोट पितात, दुधाच्या स्निग्धाने साखर रक्तात पोचायलाही उशीर. 70 च्या खाली आकडा दिसला किंवा मीटर हाताशी नसेल तरी तीन सपाट चमचे साखर साध्या पाण्यात ढवळून लगेच द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर तेवढंच परत. शुगर-फ्री घातलेलं काही देऊ नका, त्याने शुगर वर येत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. असं वारंवार होत असेल तर डोस बघावा लागेल, पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.