परदेशी कायदा शोधताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित घर म्हापशाला आहे. वडील 2014 साली गेले. आता भावंडांत वाटपाची बोलणी चालू आहेत. इंटरनेटवर पोर्तुगीज नागरी संहिता मिळाली, ती ॲपमधून भाषांतर करून वाचली. तीत मुलांचा राखीव वाटा, म्हणजे मृत्युपत्रानेही काढून घेता न येणारा हिस्सा, दोन तृतीयांश आहे. म्हापशाचे वकील मात्र निम्मा म्हणतात. कोणाचे खरे? (दादर)

उत्तर : वकिलांचे. तुम्ही वाचलीत ती 1966ची संहिता असणार. पोर्तुगालमध्ये ती 1 जून 1967 पासून लागू झाली आणि गोवा 19 डिसेंबर 1961 रोजीच मुक्त झाला होता. गोव्यात चालू राहिली ती 1867ची जुनी संहिता, आणि तीही आपल्या संसदेने 1962च्या गोवा, दमण व दीव प्रशासन कायद्याच्या कलम 5 नुसार चालू ठेवली म्हणून. पोर्तुगालने मोडीत काढलेला कायदा गोव्यात जिवंत राहिला.

आता जुनी संहिता शोधायला जाल तर दुसरा खड्डा आहे. तिच्या पहिल्या छपाईच्या स्कॅन केलेल्या प्रती मिळतात आणि त्यांतही कलम 1784 मध्ये दोन तृतीयांशच दिसेल. राजेशाही गेल्यावर 31 ऑक्टोबर 1910च्या हुकूमनाम्याने हा वाटा निम्म्यावर आणला. ही दुरुस्ती मूळ छपाईत कुठून असणार? दोन चुकीच्या प्रतींत एकच आकडा सापडला की तो पक्का वाटू लागतो, म्हणून हे सविस्तर सांगितले. प्रत हातात आली की आधी ती कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या दाखवते ते पाहा, मग कलम वाचा.

सुरुवात गोवा सरकारने 2018 साली राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरापासून करा. ॲपचे भाषांतर बाजूला ठेवा. 'लेजितिमा' (राखीव वाटा), 'मेआसाँव' (सामाईक मालमत्तेतला पती किंवा पत्नीचा अर्धा हिस्सा) यांसारख्या शब्दांना कायद्यात ठरलेला अर्थ आहे आणि ॲप त्यांना 'वैध', 'निम्मे' असे काहीतरी करून टाकते. मृत्यूची तारीखही महत्त्वाची. 22 डिसेंबर 2016 पासून वारशाची जुनी कलमे जाऊन गोव्याचा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाहीविषयीचा 2012चा कायदा लागू झाला. तुमचे वडील 2014 साली गेले, तेव्हा तुमच्यासाठी जुनी संहिताच. हिंदू कुटुंबांनी 1880चा हिंदू रूढींविषयीचा हुकूमनामाही पाहावा.

शिवाय हिशेबाचा क्रम चुकवू नका. आईवडिलांचे लग्न गोव्याच्या कायद्याखाली नोंदलेले असेल आणि वेगळा लग्नकरार नसेल, तर घराचा अर्धा भाग आधी आईचा. वारशात येतो तो उरलेला अर्धा. राखीव वाट्याचा वाद त्या अर्ध्यावर आणि तोही वडिलांनी मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र केले असेल तरच. काहीच केले नसेल, तर त्यांचा सगळा हिस्सा मुलांत सारखा वाटला जाईल आणि दोन तृतीयांश की निम्मा हा प्रश्नच उरणार नाही.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने 13 सप्टेंबर 2019च्या निकालात म्हटले आहे की संसदेने चालू ठेवल्यामुळे ही संहिता भारतीय कायदाच आहे. त्यामुळे कोर्टात ती परदेशी कायदा म्हणून सिद्ध करावी लागत नाही.

प्रश्न : आम्ही नाशिकहून द्राक्षे पाठवतो. रॉटरडॅमच्या खरेदीदाराने करारात 'नेदरलँड्सचा कायदा लागू राहील' असे कलम घातले आहे. भारत संयुक्त राष्ट्रांच्या विक्री करारात नाही, मग डच नागरी संहिता वाचली की पुरे ना?

उत्तर : पुरे नाही. संयुक्त राष्ट्रांचा हा विक्री करार म्हणजे आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा 1980चा व्हिएन्ना करार. तो भारताने स्वीकारलेला नाही, हे खरे. पण नेदरलँड्समध्ये तो 1 जानेवारी 1992 पासून अमलात आहे आणि तो डच कायद्याचाच भाग मानला जातो. व्हिएन्ना करारातील कलम 1(1)(ब) म्हणते की, कोणत्या देशाचा कायदा लागतो हे ठरवणाऱ्या नियमांनी एखाद्या सदस्य देशाचा कायदा लागू होत असेल तरीही हा करार लागतो. 'नेदरलँड्सचा कायदा' असे लिहून तुम्ही तो दारातून आत घेतला. नको असेल तर कलम 6 खाली वगळता येतो, पण 'व्हिएन्ना विक्री करार वगळून' असे स्पष्ट लिहा. तो ठेवायचा असेल तर कलम 38 आणि 39 पाठ करा. खरेदीदाराने माल शक्य तितक्या लवकर तपासायचा, दोष सापडल्यावर वाजवी मुदतीत कळवायचा आणि काही झाले तरी माल ताब्यात आल्यापासून दोन वर्षांच्या आत. द्राक्षासारख्या नाशवंत मालात 'वाजवी' म्हणजे काही दिवसच धरावेत.

कोण सदस्य आहे हे बातम्यांवरून ठरवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहात प्रत्येक बहुपक्षीय कराराचा स्थितीतक्ता असतो. त्यात सहीची तारीख एका रकान्यात आणि अनुसमर्थनाची, म्हणजे सहीनंतरच्या अंतिम मान्यतेची, दुसऱ्यात. नुसती सही असेल तर तो देश सहसा अजून बांधलेला नाही. दुसऱ्या रकान्यातल्या तारखेपुढचा छोटा 'ए' म्हणजे सही न करता नंतर थेट सामील झालेला देश, आणि 'डी' म्हणजे आधीच्या राज्याचा वारस म्हणून आलेला. तारीख पाहूनही थांबू नका, कारण करार लागू व्हायला वेळ लागतो. या करारात मान्यतेचे कागद जमा केल्यानंतर बारा महिने उलटले की पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून. नेदरलँड्सने कागद 13 डिसेंबर 1990 रोजी दिले. वरची तारीख कुठून आली ते आता मोजून पाहा. तक्त्याखाली देशांनी नोंदवलेल्या राखीव अटी असतात. बहुतेक लोक तिथवर स्क्रोल करत नाहीत आणि नेमके तिथेच फसतात. अमेरिकेने कलम 95 खाली घोषणा करून वर सांगितलेला 1(1)(ब) नाकारला आहे, तेव्हा नेदरलँड्सबद्दल दिलेले उत्तर न्यूयॉर्कच्या खरेदीदाराला जसेच्या तसे लावता येणार नाही.

फवारणीच्या अवशेषांचा प्रश्न वेगळा. त्यासाठी युरोपीय संघाचा 2005चा नियम क्रमांक 396 आहे. यूर-लेक्स या संघाच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर वर्ष आणि क्रमांक टाकून तो उघडा. तिथला दस्तऐवजाचा ओळख क्रमांक, म्हणजे सेलेक्स क्रमांक, 3 ने सुरू होत असेल तर ती मूळ आवृत्ती, 0 ने सुरू होत असेल तर दुरुस्त्या घालून केलेली एकत्रित आवृत्ती. वाचायला एकत्रित आवृत्ती घ्या, पण वादात ती कामाची नाही. ती केवळ सोयीसाठी असते. अधिकृत मजकूर संघाच्या राजपत्रातलाच, आणि 1 जुलै 2013 पासून राजपत्राची इलेक्ट्रॉनिक आवृत्तीच प्रमाण आहे. एखाद्या औषधाची मर्यादा बदलली असेल तर बदल करणाऱ्या नियमाची शेवटची कलमे काढा. अमलात येण्याची तारीख, प्रत्यक्ष लागू होण्याची तारीख आणि आधी तयार झालेल्या मालाला दिलेली सूट तिथे असते. यादीत औषधाला वेगळी मर्यादा दिली नसेल, तर सर्वसाधारणपणे किलोला 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली जाते. 'यादीत नाही म्हणजे चालते' असा अर्थ काढून कंटेनर पाठवू नका.

प्रश्न : मुलीचा घटस्फोट अमेरिकेत चालू आहे. 'अमेरिकेचा मुलांच्या ताब्याचा कायदा' कुठे मिळेल? (सांगली)

उत्तर : त्या नावाचा एक कायदा नाही. तिथे कौटुंबिक कायदा राज्यांचा. आधी मूल कोणत्या राज्यात राहत होते ते पाहा, मग त्या राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर संहिता शोधा. कोणत्या राज्याच्या कोर्टाला अधिकार आहे, याबाबत 49 राज्यांनी एक समान नमुना कायदा स्वीकारला आहे, मॅसॅच्युसेट्सने नाही. मूल भारतात असेल तर मुलांच्या अपहरणाविषयीचा हेगचा 1980चा करार कामाला येत नाही, कारण भारत त्यात नाही. इथले कोर्ट परदेशी आदेश विचारात घेते, पण मुलाचे हित पाहूनच निर्णय देते.

प्रश्न : परदेशी कायद्याची वेबसाइटवरून काढलेली प्रत आपल्या कोर्टात चालते का? एआयने दिलेले निकाल जोडू का?

उत्तर : आपल्याकडे परदेशी कायदा ही वस्तुस्थिती मानली जाते. म्हणून ती आधी दाव्यात किंवा कैफियतीत मांडावी लागते आणि मग सिद्ध करावी लागते. सिद्ध करण्याचे मार्ग दोन. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 32 नुसार त्या देशाच्या सरकारच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेले कायद्याचे पुस्तक चालते, आता डिजिटल स्वरूपातही. कलम 39 नुसार तज्ज्ञाचे मत देता येते. खासगी संकेतस्थळाची प्रिंट यातल्या पहिल्या मार्गात बसत नाही. जर्मनीचे अनेक कायदे सरकारी संकेतस्थळावर इंग्रजीतही आहेत, पण ते भाषांतर प्रमाण नाही. मूळ जर्मन पान आणि भाषांतर दोन्ही जोडा. तज्ज्ञाच्या मतात नुसता निष्कर्ष नको. कलमाचा मजकूर, तो कोणत्या तारखेचा आहे ते, आणि तिथल्या कोर्टांनी त्याचा काय अर्थ लावला, हे सगळे हवे.

एआयने सुचवलेला निकाल मूळ ठिकाणी उघडून वाचल्याशिवाय जोडू नका. ब्रिटिश निकालांना ओळखीसाठी तटस्थ उद्धरण क्रमांक असतो, युरोपीय निकालांना एक्ली क्रमांक. तो त्या कोर्टाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाका. निकाल उघडला नाही तर तो वापरू नका. उघडला तर नावे, तारीख आणि तुम्हाला हवा तो परिच्छेद खरोखर आहे का ते पाहा. न्यूयॉर्कच्या संघीय कोर्टात 2023 साली चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल जोडल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला होता.