जीपीए घसरतोय म्हणून गणिताचं दुसरं मेजर सोडून देऊ का?

तू लिहिलंयस: अमेरिकेत अंडरग्रॅड, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा, चौथी सेम, पहिलं मेजर (पदवीचा मुख्य विषय) अर्थशास्त्र, दुसरं गणित. मिडटर्मनंतर गणितातल्या रियल ॲनालिसिसमध्ये सी दिसतोय आणि जीपीए, म्हणजे ग्रेडांची चारपैकी सरासरी, ३.७ आहे ती वाचवायला गणितच सोडावंसं वाटतंय. मी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन नेमकी इथेच अडकले होते. मी गणित सोडलं, तेही घाईत, म्हणून लिहितेय. तू माझ्या धाकट्या भावाएवढा आहेस, तेव्हा अरे-तुरेच करते.

त्या सेमला मी रियल ॲनालिसिस आणि ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा एकदम घेतले होते, वर डायनिंग हॉलमध्ये आठवड्याला पंधरा तास काम. बारावीपर्यंत आपल्याला उत्तर काढायची सवय असते. इथे उत्तर आधीच समोर असतं आणि ते खरं का, हे सिद्ध करायचं असतं. एका एप्सिलॉन-डेल्टाच्या सिद्धतेपायी अख्खी रात्र जायची. मिडटर्मचा पेपर हातात पडला त्याच आठवड्यात मी ॲनालिसिस विथड्रॉ केला, म्हणजे सेमच्या मध्येच सोडला, आणि मेजर काढायचा फॉर्मही भरून टाकला. गणित आपल्याला झेपत नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं. झेपत नव्हती ती फक्त ती सेम. दीड वर्षानं तोच ॲनालिसिस एकटा घेतला तेव्हा ए मायनस मिळाला. पण तोवर राहिलेले विषय बसवायला सेमच उरल्या नव्हत्या. मायनरवर, म्हणजे दुय्यम विषयावर, थांबावं लागलं. त्याची हळहळ अजून जात नाही.

म्हणून आधी हे बघ की तुला विषय सोडायचाय की मेजर. विथड्रॉ केलेल्या विषयापुढे डब्ल्यू येतो, तो जीपीएत धरत नाहीत. माझ्या डब्ल्यूबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि समजा विषय ठेवलास, सी आलाच, तरी हिशोब करून बघ: ४५ क्रेडिटांवर ३.७ असेल, या सेमच्या १५ क्रेडिटांपैकी तीनवर सी (म्हणजे २.०) आला आणि बाकीच्यांत ३.७ टिकलं, तर एकूण साधारण ३.६ होतं. एवढ्यासाठी मेजर सोडायचं?

तुझ्या बाबतीत व्हिसाचाही प्रश्न आहे. माझं पहिलं मेजरच विज्ञानाचं होतं, मला झळ लागली नाही. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे याच व्हिसावर आपल्या क्षेत्रात काम करायच्या परवानगीचे, बारा महिने सगळ्यांना मिळू शकतात, पण पुढचे चोवीस महिने स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मेजरवरच. गणित स्टेममध्ये येतं. साधं अर्थशास्त्र येत नाही. काही विद्यापीठं ते इकॉनोमेट्रिक्सच्या कोडखाली देतात, तेव्हा येतं. तुझ्या आय-२० वर (विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर) मेजरचा कोड छापलेला असतो, तो आजच बघ. गणित मायनर म्हणून ठेवलंस तर या चोवीस महिन्यांसाठी उपयोगी पडत नाही.

बाबांनी सगळ्या सोसायटीत डबल मेजर सांगून ठेवलंय, हे वाचून पोटात कालवलं. माझ्या आईला मी सहा महिने सांगितलंच नव्हतं. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मग आता झोप तरी मिळते का?’ तू इतके दिवस थांबू नकोस.

गणित सोडूच नये, असं मी म्हणत नाही. ज्या आठवड्यात कामाचा ताण नसतो, तेव्हाही ते उघडावंसं वाटत नसेल, तर ए मिळत असला तरी सोड. पण मिडटर्मच्या आठवड्यात याचा निकाल लावू नकोस. सेम संपू दे, मग ॲडव्हायजरसमोर राहिलेले विषय मांडून बस.

विथड्रॉची शेवटची तारीख ॲकॅडमिक कॅलेंडरमध्ये बघून ठेव. विषय काढल्यावर बारा क्रेडिटांच्या खाली जात असशील तर पोर्टलवर काही करण्याआधी डीएसओला (विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला) भेट आणि त्यांची परवानगी हातात घे. परवानगी नंतर मागितली तर चालत नाही, व्हिसाचं स्टेटस जाऊ शकतं.