आधी आकडा, मग कॉलेजची लिस्ट

अगं, तुझा परवाचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. अमेरिकेतली सतरा कॉलेजं, प्रत्येकापुढे रँकिंग, आणि ती लिस्ट करायला तू किती रात्री जागली असशील ते मला कळतंय, कारण अकरावीत मीपण अशीच एक वही भरली होती. पण सतरापैकी एकाही नावापुढे पैशाचा आकडा नाहीये. म्हणून फोन न करता लिहूनच पाठवतेय, म्हणजे काका-काकूंनाही वाचायला देता येईल.

पहिलं काम कॉलेज शोधायचं नाहीच. काका-काकूंसमोर बस आणि सरळ विचार, वर्षाला किती जमेल, सलग चार वर्षं, कर्ज न काढता किती आणि काढलं तर किती. आपल्याकडे आईवडील म्हणतात "तू अ‍ॅडमिशन मिळव, पैशाचं आम्ही बघतो", अगदी मनापासून म्हणतात, आणि मग मार्च-एप्रिलमध्ये लेटर हातात आलं की पोरगी एका खोलीत रडतेय आणि बाबा दुसऱ्या खोलीत एफडीच्या पावत्या काढून बसलेत. मी हे जवळच्या घरात बघितलंय आणि तुझ्या घरात मला ते बघायचं नाहीये. बारा हजार डॉलर म्हणाले तर बारा, तीस म्हणाले तर तीस, कुठल्याच आकड्याची लाज वाटायचं कारण नाही, फक्त तो आत्ता कळला पाहिजे, अर्ज भरून झाल्यावर नाही.

आता कॉलेजचा आकडा. वेबसाइटवर ट्यूशन मोठ्या अक्षरात असते आणि आपण तीच धरून चालतो, मी पण तेच केलं होतं. पहिल्याच सेमिस्टरला कळलं की हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा आणि वेगळा, पहिल्या वर्षाला मेसचा प्लॅन सक्तीचा, हिवाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेल बंद म्हणून तीन आठवडे राहायची सोय स्वतः बघायची, ती पण पैसे देऊनच. बाबांना फोन करून "अजून लागतील" हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. म्हणून तू शोधताना 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' हेच शब्द टाकून शोध, त्यात ट्यूशन, बाकीच्या फिया, राहणं, जेवण, पुस्तकं, वरखर्च असं सगळं धरलेलं असतं, आणि इन्शुरन्स अन् विमानाचं तिकीट त्यात आहे की नाही ते बघून नसेल तर आपण मिळवायचं. मोठ्या नावाच्या कितीतरी खासगी कॉलेजांत हा एकूण आकडा आता वर्षाला ९०,००० डॉलरच्या पुढे गेलाय. पण घाबरू नकोस, सगळ्यांना तो भरावा लागत नाही.

त्यातून वजा काय करायचं? फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप, म्हणजे जे पैसे परत द्यायचे नाहीत ते. कर्ज वजा करायचं नाही. कॅम्पसवरच्या नोकरीचे पैसे पण नाही, कारण एफ-१ व्हिसावर (म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर) कॉलेज चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं आणि ती नोकरी कधी मिळेल, किती तास मिळतील हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. आणि मदतीच्या लेटरमध्ये कधीकधी तेही पैसे बेरजेत धरलेले असतात, तेव्हा ते नीट वेगळं काढ.

तुझ्या लिस्टमध्ये तीन वेगळ्या जातीची कॉलेजं एकत्र झालीयेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडोइन ही परदेशी मुलांनासुद्धा अ‍ॅडमिशन देताना पैसे मागितलेत का ते बघत नाहीत आणि घेतलं तर गरजेएवढी सगळी मदत देतात. आत शिरलीस तर कदाचित सगळ्यात स्वस्त तीच पडतील, पण शिरणं किती अवघड ते तुला माहितीये, एक-दोन ठेव, सात नको. दुसरी म्हणजे चांगली छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं (एकाच शाखेत न अडकवता सगळे विषय शिकवणारी), ती मदत भरपूर देतात पण परदेशी मुलाने मदत मागितली की निवड करताना तेही विचारात घेतात. इथे बरेचजण एक चूक करतात, "आत्ता मागत नाही, आत गेल्यावर मागू" म्हणून, आणि अशा पुष्कळ कॉलेजांत परदेशी मुलांना नंतर मागताच येत नाही. लागणार असेल तर पहिल्याच दिवशी माग.

तिसरी म्हणजे मार्कांवर सूट देणारी सरकारी विद्यापीठं. टेक्सासमध्ये तर असा नियम आहे की निदान १,००० डॉलरची स्पर्धेतून मिळालेली स्कॉलरशिप असेल तर बाहेरच्या मुलालाही तिथल्या रहिवाशांचा ट्यूशन रेट लावता येतो. सगळ्यांना मिळत नाही, जागांना मर्यादा आहे, पण मिळाला तर आकडा धाडकन खाली येतो. याउलट तुझ्या लिस्टमधले ते चार यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे बर्कलीसारखे कॅम्पस, चांगले आहेत, खूपच चांगले आहेत, पण परदेशी मुलांना गरजेवर मदत तिथे जवळजवळ नसतेच. काकांचा आकडा तेवढा मोठा नसेल तर चारही काढून टाक, मला माहितीये बर्कली काढताना तुला कसं वाटेल ते. आणि केंटकीतलं बेरिया कॉलेज बघ, तिथे कुणाकडूनच ट्यूशन घेत नाहीत, प्रत्येक मुलाला कॅम्पसवर काम करावं लागतं. जागा अगदी थोड्या, पण नाव लिहून ठेव.

आता खरी कामाची गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. जवळपास प्रत्येक कॉलेज दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' म्हणून एक पीडीएफ काढतं, कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकलेस की सापडते. त्यात बी भागात परदेशी मुलं एकूण किती ते असतं आणि एच ६ नावाच्या तक्त्यात त्यातल्या किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती डॉलर. समज, परदेशी मुलं १५० आणि मदत मिळालेली १२०, सरासरी ५०,०००, तर ते कॉलेज आपल्या मुलांसाठी खरंच पैसे काढतं. दुसरीकडे २,००० पैकी ४० जणांना मिळाली असेल तर वेबसाइटवर कितीही हसरे फोटो असू देत, आपण पुढे जायचं. एका कॉलेजला दहा मिनिटं लागतात. नेट प्राइस कॅल्क्युलेटर (कॉलेजच्या वेबसाइटवर खर्चाचा अंदाज देणारं) आणि कॉलेज स्कोअरकार्डवरचे (अमेरिकन सरकारची कॉलेजांची माहिती देणारी साइट) सरासरी खर्चाचे आकडे मात्र सहसा अमेरिकन मुलांसाठी असतात, त्यावर तू हिशोब करू नकोस. स्कोअरकार्डवर पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण तेवढं बघ, आणि चार वर्षांत किती मुलं बाहेर पडतात ते त्याच पीडीएफच्या बी भागात बघ, कारण पाचवं वर्ष म्हणजे अजून एक पूर्ण वर्षाचा खर्च. "चांगलं कॉलेज" म्हणताना मी रँकिंगच्या आधी हे बघते.

आणि लेटर आल्यावर विचारायचे प्रश्न आत्ताच लिहून ठेव. स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, टिकवायला जीपीए (ग्रेडची सरासरी) किती लागतो, फी वाढली की ती पण वाढते का. माझी रक्कम ठरलेली होती, फी दरवर्षी वाढली, वरून रुपया घसरला (२०१० च्या सुमाराला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८४ च्या घरात), सगळा भार घरावर आला. राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या स्कॉलरशिपवर टॅक्स लागतो, एफ-१ वाल्यांचा सहसा १४ टक्के आधीच कापून घेतात, हे तर मला पहिला कापलेला आकडा बघून कळलं. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून घेतलं तर तिथेच येईन असं कबूल करणं, हे बांधून घेणारं असतं, मदत पुरेशी नसेल तर सुटता येतं पण दोन ऑफर शेजारी ठेवून बघता येत नाहीत, म्हणून पक्कं एकच आवडत असेल आणि आकडा बसत असेल तरच.

तर आधी काकांचा आकडा घे, मग सतराच्या सतरा कॉलेजांचं एच ६ काढ, आणि एक्सेलमध्ये तीन रकाने कर, एकूण खर्च, मिळू शकेल अशी मदत, उरलेले. रविवारी रात्री मला पाठव. यूसीच्या जागी काय घालायचं ते आपण दोघी मिळून शोधू, माझ्या डोक्यात पाच-सहा नावं आहेत पण तुझा आकडा कळल्याशिवाय सांगणार नाही.

तुझी,
ताई