उकडलेला आलू आन् लोखंडाची भुकटी

प्रश्न: नमस्कार जी. औंदा पऱ्हाटीसाठी कृषी केंद्रातून एक बाटली घेतली, नावात ‘झाइम’ हाय, दुकानदार म्हणे नॅनो हाय, घेऊन टाका. बी.एस्सी.ची पोरगी म्हणते नॅनोझाइम म्हंजे लोखंडाची भुकटी, पिकाले नसते, फवाऱ्याच्या औषधाचा अंश शोधाले असते. खरं कोनाचं?
– एक कास्तकार, केळापूर तालुका

उत्तर: पोरीचं बरंचसं बरोबर आहे भाऊ, फक्त नॅनोझाइम लोखंडाचंच असतं असं नाही. झाइम नावानं शेवाळाचा अर्क, ह्युमिक अ‍ॅसिड असंही विकतात, तेव्हा लेबल वाचा.

आता नॅनोझाइम, म्हणजे एन्झाइमसारखं काम करणारे अतिबारीक (नॅनो) कण. एन्झाइम म्हणजे जिवातली रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवणारा पदार्थ. कच्च्या आलूच्या फोडीवर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, फसफस फेस येतो, हे आलूतल्या कॅटालेज एन्झाइमचं काम. तोच आलू उकडून करून पहा, फेस नाही, कारण हे एन्झाइम प्रोटीनचं असतं, उकडलं की कामातून गेलं. 2007 मध्ये चीनच्या शियुन यान बाईंच्या टीमनं दाखवलं की मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे, नॅनो कण पेरॉक्सिडेज एन्झाइमसारखं वागतात, पेरॉक्साइड दिलं की टीएमबी नावाचं रसायन निळं करतात आणि उष्णतेला दाद देत नाहीत. त्याआधी हे कण स्वतः काही रासायनिक क्रिया करत नाहीत असं समजून फक्त चुंबकानं ओढायला वापरायचे! काम होतं कणाच्या पृष्ठभागावरच्या लोखंडामुळे, म्हणून कण जितका बारीक तितका जोर जास्त, डाळीपेक्षा बेसन लवकर भिजते तसं. आपल्याकडे बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत मुगेश सरांच्या गटानं व्हॅनेडियम ऑक्साइडच्या नॅनोतारांवर असंच काम केलं, 2014 मध्ये.

औषधाचा अंश कसा कळतो? मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट गटातली कीटकनाशक औषधं आपल्या नसांमधलं कोलिनेस्टरेज एन्झाइम बंद पाडतात (2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते तुम्हाला मी काय सांगू). चाचणीत हेच एन्झाइम ठेवतात, ते कोलिन नावाचं रसायन मोकळं करतं, दुसरं एन्झाइम त्या कोलिनपासून पेरॉक्साइड बनवतं आणि लोखंडाचे कण त्यावर निळा रंग आणतात. भाजीच्या रसात औषध असलं की पहिलंच एन्झाइम अडकतं, पुढचं सगळं अडतं, रंग फिका. म्हणजे इथं निळं दिसणं चांगलं, फिकं दिसलं की घाबरायचं. गंमत अशी की नॅनोझाइम असूनही दोन खरी एन्झाइमं लागतातच, कारण कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं ही पारख या भुकटीला फार कमी. लिंबाचा रस असला तर त्यातलं व्हिटॅमिन सी सुद्धा रंग उडवतं, मग औषध नसताना औषध दिसते.

बाटलीचं पक्कं बिल घेतलं होतं ना?