केंदाळ्या नदीतून वर येतो तेव्हा

प्रश्न : आम्ही पाच मित्र इचलकरंजीचे. दोघांचे माग आहेत, एक शाळेत चित्रकला शिकवतो. जुन्या राक्षसपटांच्या धाटणीची बारा मिनिटांची विडंबन फिल्म करतोय. पंचगंगेच्या केंदाळातून (जलपर्णीतून) अजस्र प्राणी वर येतो, नाव केंदाळ्या. सगळ्यांचे मिळून 40 हजार आहेत. व्हीएफएक्स परवडत नाही म्हणून माणसालाच पोशाख घालणार. पण चाचणीचं शूटिंग घरच्यांना दाखवलं तर ते नको तिथे हसले आणि विनोदाच्या जागी गप्प बसले. पटकथा सोबत पाठवली आहे. कुठं चुकतंय? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पटकथा दोनदा वाचली. पहिल्याच मिनिटाला केंदाळ्या घाटावर येतो आणि चहावाला म्हणतो, "आयला, हा तर फोमचा हाय!" तिथेच तुमची फिल्म बसली. तो फोमचा आहे हे आम्हाला दिसतंच की. पात्रांनीच बोलून दाखवलं तर हसायचं कामही तुम्हीच उरकून टाकलंत. चहावाल्यानं खरंच घाबरायला हवं. गल्ला मिटून, उधारीची वही काखेत मारून पळायला हवं.

'गोजिरा' (म्हणजे आपला गॉडझिला) 1954 सालचा. मार्चमध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर 23 माणसं होती. नोव्हेंबरात सिनेमा लागला, आणि त्याची सुरुवातच समुद्रात बोट नष्ट होण्यानं होते. राक्षस कुठून आला हे तिथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्या केंदाळ्याचंही तेच आहे. इचलकरंजीत नदीवरचा फेस आणि मेलेले मासे कोणाला नवीन आहेत? म्हणून शास्त्रज्ञाचं दीड पानी भाषण काढून टाका.

त्या सिनेमात एक प्रसंग माझ्या फार आवडीचा आहे. संसदेच्या समितीपुढे एकजण म्हणतो, राक्षसाची बातमी जाहीर करू नका, गोंधळ माजेल. बायका उसळतात, सत्य लोकांना कळलंच पाहिजे म्हणतात. राक्षस फ्रेममध्ये नाही, आणि विडंबन आयतं तयार आहे. तुमच्याकडे अशी बैठक एकच आहे, तीही अर्ध्या पानाची. ती चार मिनिटांची करा. केंदाळ्याचा डावा पाय आपल्या हद्दीत, उजवा पलीकडच्या ग्रामपंचायतीत. मग पंचनामा कोणी करायचा? कोणीतरी विचारावं, नमुना घ्यायला बाटली किती लिटरची आणू? कोणीतरी चहा सांगावा. आणि हे सगळं नटांनी अर्थसंकल्पावर बोलल्यासारखं, न हसता करावं. खऱ्या पुढाऱ्याचं नाव मात्र घेऊ नका. भीती म्हणून सांगत नाही. नाव घेतलंत की बाकीचे सगळे सुटतात.

आता पोशाख. पंधरा वर्षांपूर्वी मीही एक राक्षस केला होता. मी नाटकाचे सेट रंगवणारी बाई. मला वाटलं, फोम आणि सोल्युशन असलं की झालं. मे महिना, दुपारचे दोन. आत शिरलेला मुलगा सात मिनिटांत मान टाकायला लागला आणि पाठीची चेन अडकली. ब्लेडनं राक्षस उभा फाडून मुलगा बाहेर काढला. उरले दोन पाय आणि शेपूट. उरलेली अर्धी फिल्म त्यावरच भागवली, आणि खरं सांगते, तोच अर्धा भाग लोकांनी श्वास रोखून पाहिला. तेव्हा आधी पाय आणि शेपूट नीट करा. तोंड शेवटच्या दोन मिनिटांत आलं तरी चालतं. गोजिराचा पहिला पोशाख शंभर किलोच्या आसपासचा होता. आत शिरणारे नट नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलांची चाल बघून आले होते. तुमच्या नटाला निदान रस्त्यात बसलेली म्हैस कशी उठते ते बघून यायला सांगा.

आणि कृपा करून पोशाखासकट कोणालाही नदीत उतरवू नका. फोम पाणी पितो, माणसाला खाली ओढतो. वर ते पाणी असलं. नुसतं डोकं ट्यूबवर बसवा, दोरीनं ओढा, भोवती केंदाळ पसरा.

तुमचा पुठ्ठ्याचा चौक छान आहे, पण केंदाळ्या त्यात खेळण्यातल्यासारखा धडपडतो. याचं कारण वेग. खरी इमारत कोसळायला वेळ लागतो, फूटभराची झटक्यात पडते. गोजिराची घरं मूळ आकाराच्या पंचविसाव्या हिश्शाची होती. अशा वेळी पंचविसाचं वर्गमूळ धरायचं, पाच. सिनेमा नेहमी सेकंदाला 24 फ्रेमनं (चित्रांनी) चालतो, त्याच्या पाचपट, म्हणजे 120 फ्रेम घ्यायच्या आणि 24 च्या वेगानं दाखवायच्या. मग पुठ्ठ्यालासुद्धा वजन येतं. साधारण बऱ्या मोबाइलमध्ये 120 ची सोय असते. फक्त उजेड भरपूर लागतो, म्हणून हे गच्चीवर उन्हात करा आणि मोबाइल जमिनीला टेकवून ठेवा, घरासमोर उभ्या माणसाच्या नजरेइतका खाली. पाणी मात्र या हिशेबात बसत नाही, थेंब लहान होत नाहीत. त्यामुळे नदीचे शॉट खऱ्या नदीवर, आणि चौकात टिपूसही नको. धुळीसाठी रांगोळी वापरा. मैदा हवेत उडवून जवळ कोणी आग पेटवली तर भडका उडतो, विनोद नव्हे.

काळी-पांढरी करावी का, असंही विचारलंय. जुन्या धाटणीला शोभेल आणि फोमचे जोडही झाकले जातील. तरी मी रंगीतच करीन. केंदाळाला इतकी सुंदर जांभळी फुलं येतात, ती राक्षसाच्या डोक्यावर दिसायलाच हवीत. ती खुडल्यावर लवकर माना टाकतात, तेवढी शॉटच्या आधी लावा. जोड झाकायला संध्याकाळचं पाठीमागून येणारं ऊन पुरतं.

डरकाळी इंटरनेटवरून उचलू नका. गोजिराच्या संगीतकारानं, इफुकुबेंनी, डबल बेसची सैल केलेली तार राळ लावलेल्या चामडी हातमोज्यानं घासली होती आणि ती फीत संथ केली होती. तुमच्या घरात तर माग आहेत! रात्रपाळीचा खडखडाट रेकॉर्ड करा, चौपट संथ करा, ऐका. गावातली माणसं दचकतील, कारण तो आवाज त्यांनी झोपेतसुद्धा ऐकलेला असतो.

प्रश्न : आमच्या शॉर्टफिल्ममध्ये सोसायटीचा सेक्रेटरी मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्या सभासदांचे अवयव जोडून आदर्श सभासद तयार करतो. फ्रँकेन्स्टाइनचं ते चपटं डोकं, मानेत बोल्ट, असा मेकअप वापरता येईल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कल्पना झकास. मेकअप नको. मेरी शेलीची कादंबरी 1818 ची, ती कोणीही वापरावी. चपटं डोकं आणि बोल्ट मात्र 1931 च्या सिनेमातले, मेकअपवाल्या जॅक पिअर्सनं घडवलेले, आणि युनिव्हर्सल कंपनी त्याला जपून असते. शिवाय फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नव्हे, राक्षस बनवणाऱ्याचं नाव, म्हणजे तुमचा सेक्रेटरी. पुस्तकातला प्राणी पिवळट कातडीचा, लांब काळ्या केसांचा, काळ्या ओठांचा आहे. पुस्तक एकदा वाचाच. तिथे तो पानंच्या पानं बोलतो, निर्मात्याला जाब विचारतो. तुमच्या पटकथेत त्याला एकही वाक्य नाही. वार्षिक सभेत त्याला माइक द्या.